मानपाड्यातला डावा हातमोजा

निवृत्त झालेली माणसं काशीला जातात, रामेश्वरला जातात. मी डोंबिवलीला जाऊन आले. आल्यापासून वाडीतली प्रत्येक बाई विचारते, "काय बघितलं गं तिकडं?" मी खरं तेच सांगते. एक रबराचं पोट बघितलं, एक पूल खालून बघितला, आणि घोडबंदर रोडवर उभ्या राहिलेल्या गाड्या बघितल्या, त्या बहुतेक अजून तिथंच असतील. कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून लिहूनच काढते.

मी पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते, सगळी नोकरी तिथंच झाली. पोटाला हात लावून बाळ कसं आहे ते सांगायचं हे रोजचं काम. डोकं खाली की वर, पाठ कुठल्या बाजूला, हातपाय कुठल्या. आता सोनोग्राफी आहे, पण ती तालुक्याला. डोंगरावरच्या वाडीत आजही नर्सच्या दोन हातांवरच भागवावं लागतं. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी सध्या ठाण्यात नर्सिंगच्या शाळेत शिकवते. तिनं माझं नाव कुणा मुग्धाला दिलं आणि एक दिवस मुग्धाचा फोन आला.

"मावशी, मला तुमचे हात तीन दिवसांसाठी हवेत."

"हात एकटे कसे येतील? सोबत मलाही यावं लागेल," मी म्हटलं.

मुग्धा इंजिनियर. मानपाड्याच्या कारखान्यात तिनं एक हातमोज्यांची जोडी बनवली होती. ते मोजे घालून मी पोट तपासायचं. माझा हात कुठं, किती आणि कुठल्या दिशेनं दाबतो ते मोजे टिपून घेणार. मग नर्सिंगच्या मुलींनी तेच मोजे घालून सराव करायचा आणि आपला हात कुठं चुकतो ते पडद्यावर बघायचं. ऐकून मला बरं वाटलं. शेजारची इंदूताई मात्र म्हणाली, "जा, पण हात दाखवून अवलक्षण करून येऊ नकोस."

ठाकुर्ली

मुग्धाचं घर ठाकुर्लीत, चौथ्या मजल्यावर. नवरा कामासाठी चेन्नईला गेलेला, त्यामुळे घरात ती आणि तिच्या सासूबाई, वासंतीताई. नर्सची सवय वाईट असते. दार उघडणाऱ्या बाईचं पोट पुढं आलेलं दिसलं की मी आधी तिच्या पायांकडं बघते, मग तोंडाकडं. मुग्धाच्या पायांना सूज नव्हती. मग मी हसले.

"फोनवर बोलली नाहीस," मी म्हटलं. "आठवा लागला?"

"परवाच लागला. सांगितलं असतं तर तुम्ही मला कामाला हात लावू दिला नसता, मावशी."

तेही खरंच होतं.

त्या इमारतीत सगळी दारं बंद. आमच्याकडं दिवसा दार बंद दिसलं तर माणसं विचारायला येतात, कुणी आजारी आहे का. इथं दारावर नाव असतं, तरी माणसाला ओळखतात ते खोलीच्या नंबरानं. "चारशे दोनच्या काकूंनी कढीपत्ता दिलाय," असं वासंतीताई सहज म्हणाल्या. पण कढीपत्ता दिला होता, हेही तितकंच खरं. चपला मात्र दाराबाहेर ओळीनं मांडलेल्या होत्या, कुणी उचलून नेईल ही भीती नाही. ते मला आवडलं.

वासंतीताई ग्रंथपाल होत्या. बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. त्यांनी डाळिंब्यांची उसळ केली होती, गूळ आणि ओलं खोबरं घालून. मी घरून हिरव्या मिरचीचा खर्डा नेला होता. "अगदी थोडा घ्या," असं मी सांगितलं, पण त्यांचं थोडं आणि आमचं थोडं यात फरक पडला. पुढची दहा मिनिटं त्या डोळे पुसत ताक पीत होत्या आणि तरीही "फार चविष्ट आहे हो" म्हणत होत्या. अशी रीतभात आमच्याकडं नाही. आमच्याकडं सरळ शिवी आली असती.

जेवणानंतर मुग्धानं मला मोज्याची गोष्ट स्वयंपाकघरातच समजावली. गॅसचा लायटर हातात घेऊन तिनं खट्ट केलं. "आत एक खडा असतो. त्याच्यावर दाब आला की तो वीज तयार करतो, तीच ही ठिणगी. माझ्या सेन्सरमध्ये तसंच आहे, फक्त पातळ पापुद्र्याच्या रूपात."

मोज्याच्या आतून बोटांच्या टोकांना आणि तळव्याला कुंकवाच्या टिकलीएवढे सेन्सर चिकटवलेले होते. एकेका टिकलीत तीन तुकडे, तिघांची तोंडं तीन दिशांना. दाब सरळ खाली आला तर एक तुकडा जास्त वीज देतो, आडवा सरकला तर दुसरा. तिघांचं ऐकून कॉम्प्युटर पडद्यावर बाण काढतो. हेच सेन्सर यंत्राच्या बोटांना लावले की हातातला पेला निसटतोय आणि कुठल्या बाजूला निसटतोय ते यंत्राला कळतं, असं ती म्हणाली.

"एकच आहे, ही वीज फक्त बदल झाला की येते. दाबलं की येते, सोडलं की येते. नुसतं दाबून धरलं तर थोड्या वेळानं गप्प."

हे मी ऐकलं आणि विसरले. विसरायला नको होतं.

संध्याकाळी मुग्धा खाली फिरायला गेली तेव्हा वासंतीताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "एक सांगते. मागच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं. डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे, फिरेल. मुग्धा काही बोलत नाही, पण तिला झोप लागत नाही. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात ना?"

"आमच्याकडं पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात," मी म्हटलं. त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी खर्डा नव्हता.

"तुम्ही एकदा हात लावून बघाल का तिला?"

"तिनं स्वतः म्हटलं तर. नाही तर नाही." हा माझा जुना नियम आहे. घरच्यांच्या सांगण्यावरून मी कुणाच्या पोटाला हात लावत नाही. मुग्धा फिरून आली, पण काही म्हणाली नाही.

मानपाडा, पहिला दिवस

सकाळी रिक्षानं मानपाड्याला गेलो. मुग्धाच्या मांडीवर डबा, डब्यावर लॅपटॉप, लॅपटॉपवर हात. रस्त्याच्या एका बाजूला नव्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड. अशाच एका शेडमध्ये मुग्धाचा कारखाना. मालक म्हात्रे. साठीचे, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आवाज खणखणीत. मूळचे इथल्याच गावचे.

"या सिस्टर. हितं आमचा भाताचा शेत व्हता," त्यांनी पायाखालच्या फरशीकडं बोट दाखवलं. "आता पुलांच्या पट्ट्या पिकवतो."

त्यांचा मुख्य धंदा तोच. पुलाला, पाण्याच्या टाकीच्या खांबांना हे सेन्सर चिकटवायचे, म्हणजे ताण कुठून कुठं जातोय ते कळत राहतं आणि तडा डोळ्यांना दिसायच्या आत सापडतो. मोजा ही मुग्धाची कल्पना. म्हात्र्यांनी तिला एक टेबल आणि एक कोपरा दिला होता. कोपऱ्यात ते रबराचं पोट ठेवलेलं. फक्त पोट, वर छाती नाही, खाली पाय नाहीत. आत पाण्याची पिशवी आणि पिशवीत एक बाहुली.

मी मोजे चढवले, पोटापाशी उभी राहिले, आणि काम सुरू करताच पडदा वेडा झाला. सगळे बाण सैरावैरा. मी अजून पोटाला हातही लावला नव्हता.

मुग्धानं वायर बदलली. पुन्हा तेच. पंखा बंद केला, एसी बंद केला, सगळ्यांचे मोबाईल बाहेर ठेवले. म्हात्र्यांना शेजारच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरचा संशय आला. ते जाऊन तो बंद करायला सांगून आले. कॉम्प्रेसर बंद झाला, बाण काही थांबले नाहीत. उलट शेजारचा मालक काय चाललंय ते बघायला आला आणि तासभर उभा राहिला. त्याला पोट फार आवडलं.

दुपारी जेवायला बसलो. म्हात्र्यांच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी आली होती. आमची ज्वारीची भाकरी ताटात पडली की आवाज होतो. ही घडी घालून ठेवता येईल अशी मऊ आणि पांढरी. मी तीन खाल्ल्या. "अजून घ्या, लाजू नका," म्हात्रे म्हणाले. मी लाजत नव्हते, चौथीची वाट बघत होते.

जेवणानंतर मी मोजे पुन्हा चढवले, तेवढ्यात चहा आला. मी मोजे न काढताच गरम पेला दोन्ही हातांत धरला. पडद्यावर बाण नाचायला लागले.

मुग्धानं पडद्याकडं बघितलं, मग पेल्याकडं, मग माझ्याकडं. "मावशी, तपासायच्या आधी तुम्ही काय करता? करून दाखवा."

मी दाखवलं. पोटाला हात लावण्याआधी मी हात एकमेकांवर चोळते. गार हात लागला की बाई पोट घट्ट करते, मग आतलं काही कळत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट, त्यामुळे मी ती करते हेही मला माहीत नव्हतं.

"या पापुद्र्याला दाब कळतो तशी ऊबही कळते," मुग्धा कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि मी सकाळपासून वायरी बदलतेय!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं.

"पण सिस्टर," म्हात्रे म्हणाले, "रबराला थंडी वाजंल म्हणून हात चोळला?"

 मी तर सकाळी त्या पोटाला "पाय दुमडून घे बाई" असंही म्हटलं होतं. मग ठरलं की हात आधी चोळायचे, मोजे मागून घालायचे, पोटावर हलके ठेवायचे आणि बाण शांत होईपर्यंत थांबायचं. दोनेक मिनिटं लागत. शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला आणि आमचं कामही.

मानपाडा, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी ते पोट वीस वेळा तरी तपासलं. उजव्या हाताचे बाण सुरेख येत होते. मुग्धा पडद्याकडं बघून मान डोलवत होती. दुपारी म्हात्रे आले आणि दोन्ही हातांचे आलेख शेजारीशेजारी लावून बसले. उजव्याच्या आलेखात डोंगरदऱ्या. डाव्याचा सपाट, एक रेघ.

"डावा हात काय करतंय? काय पण नाय," ते म्हणाले. "मंग कशाला पायजे? एक मोजा केला की वायरी अर्ध्या, बिघाड अर्धा. उद्या मॅडमना एकच दाखवू."

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या नर्सिंग शाळेच्या प्राचार्या मोजे बघणार होत्या. त्या ज्याला हो म्हणतील तेच पुढं शाळांना जाणार.

मला राग आला. राग आला की मी फार हळू बोलते. "म्हात्रेसाहेब, डावा हात पोट धरतो. उजवा ढकलतो. उजव्यानं ढकललं की बाळ डाव्याला येऊन लागतं, तेव्हा कळतं ते डोकं आहे की कुल्ला. एका हातानं चाचपणाऱ्या मुली तुम्ही तयार करणार का?"

"पण ग्राफमध्ये दिसत नाही, मावशी," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "एकदाही लागलं नाही."

मी पोट उघडायला सांगितलं. आत बाहुली पट्टीनं तळाशी घट्ट बांधलेली. प्रत्येक वेळी ती एकाच जागी राहावी, म्हणजे चाचणी सारखी होते, म्हणून मुग्धानंच बांधली होती. बांधलेलं बाळ सरकणार कसं आणि डाव्या हाताला लागणार कसं? पट्टी काढून बघितली तर बाहुली हलकी निघाली, पिशवीत वर तरंगायला लागली. वजन घालून नवी बाहुली करायची तर चार दिवस हवे होते. आमच्याकडं एक संध्याकाळ होती.

म्हात्रे तिढा सोडवायच्या मनःस्थितीत नव्हते. "सिस्टर, चला, तुमाला पूल दाखवतो," म्हणाले. मला वाटतं त्यांना माझा राग जरा हवेवर न्यायचा होता. मुग्धा थकली होती, ती घरी गेली.

आतल्या रस्त्यावर ओढ्यावरचा एक छोटा पूल. आम्ही बाजूनं खाली उतरलो. चिखल होता, माझी चप्पल रुतली आणि म्हात्र्यांनी ती लाकडानं उकरून काढली. पुलाच्या पोटाला, हो, खालच्या बाजूला पोटच म्हणतात, हातभर अंतरावर पट्ट्या चिकटवलेल्या. म्हात्र्यांनी मोबाईल काढला. पडद्यावर सपाट रेघा.

"बंद आहे का?" मी विचारलं.

"नाय. गाडी आली की बगा."

वरून एक टँकर गेला. पुलाला किंचित हुंकार आला आणि पडद्यावर बाण उठले, अलीकडून पलीकडं, एकामागून एक, आणि पुन्हा रेघ सपाट.

"दिवसातला बराच वेळ ही रेघ अशीच असते?"

"व्हय."

"मग काढून का टाकत नाही?"

त्यांनी पुन्हा मोबाईलवरच्या रेघेकडं बघितलं. मग हसले. "बरोबर बोललात. गाडीची वाट बगतं ती."

नुसतं दाबून धरलं तर वीज गप्प बसते, हे मुग्धाचं बोलणं मला तिथं आठवलं, डाव्या हाताचंही तेच होत होतं. तेव्हा मी त्यांना सखूची गोष्ट सांगितली. मुग्धासमोर सांगितली नसती. नोकरीचं दुसरं वर्ष, डोंगरावरची वाडी, खाली जीप थांबलेली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी उभ्याउभ्या एका हातानं चाचपलं. खाली गोल, टणक लागलं. डोकं आहे म्हटलं आणि उतरले. ते डोकं नव्हतं. सखू घरीच बाळंत झाली, बाळ पायाकडून आलं. ती वाचली, बाळ नाही वाचलं. मला अजून त्या वाडीचं नाव घ्यायला लाज वाटते. आमच्या मोठ्या सिस्टरनी मला ओरडायचं सोडून एवढंच विचारलं, "डावा हात कुठं होता तुझा?" तो पर्सच्या पट्ट्यावर होता.

म्हात्र्यांनी मोबाईल खिशात ठेवला. वरून दोन रिक्षा गेल्या. मग म्हणाले, "उद्या दोन्ही मोजे नेऊ. पण डावा मॅडमना दिसला पायजे. नाय दिसला तर त्या एकच मागतील, आन मी कायपण करू शकणार नाय."

घोडबंदर रोड

शाळा घोडबंदर रोडवर एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर. म्हात्र्यांच्या गाडीनं निघालो. त्या रस्त्याबद्दल एवढंच सांगते, की आमच्या घाटात दरड कोसळली तर गाड्या जितक्या वेळ थांबतात तितक्या इथं काही न कोसळता थांबतात. शेजारच्या गाडीत एक माणूस लॅपटॉप उघडून मीटिंग करत होता आणि मधून मधून केळं खात होता. त्यानं मलाही एक केळं दिलं. आमच्याकडं एवढ्या वेळात लग्न जुळलं असतं. मुग्धा मागच्या सीटवर कुशी बदलत होती. मी तिला दर पंधरा मिनिटांनी पाणी पाजत होते आणि डाव्या मोज्याबद्दल काही बोलत नव्हते.

शाळेत मुलींना शिकवायची खोली होती, खाट, पडदा, सगळं. प्राचार्या मॅडम गोड बोलल्या, पण घाईत होत्या. मी रबराचं पोट तपासून दाखवलं. उजव्याचे बाण त्यांना आवडले. मग त्यांनी चष्मा वर केला.

"आणि डावा? यात तर काहीच नाही. मुली म्हणतील, हा कशाला घालायचा?"

मी बाहुलीचं सांगितलं, मुग्धानं पट्टीचं सांगितलं. बाई ऐकत होत्या, पण सपाट रेघ समोर होती. "मला पटतंय हो सिस्टर. आम्हीही दोन हातांनीच शिकलो. पण मशीन दाखवत नसेल तर मशीन एकाच हाताचं घेऊ आणि डाव्याचं तोंडी सांगू."

तोंडी सांगितलेलं घाईत कुठं जातं ते मला माहीत होतं. ते पर्सच्या पट्ट्यावर जातं. 

तेव्हा मुग्धा उठली. "मॅडम, खऱ्या पोटावर बघू या. मावशी, मला तपासाल?"

मी तिच्याकडं बघितलं. तीन दिवस तिनं हे विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यातल्या सोनोग्राफीची तिला किती धास्ती होती ते मला ठाऊक होतं, आणि माझे हात तिला नको असलेलंही सांगू शकतात हे तिलाही ठाऊक होतं.

"माझ्या मोज्यासाठी करत असशील तर नको," मी म्हटलं.

"माझा मोजा आहे तो," ती म्हणाली. "आणि मलाही कळायचंय."

म्हात्रे आधीच दाराकडं निघाले होते. "मी खाली च्या घेतो," म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

मुग्धा खाटेवर आडवी झाली. कॉम्प्युटरचा पडदा तिला दिसेल असा मॅडमनी वळवला. मी हात चोळले, खूप चोळले, मग मोजे घातले. "हात ठेवू?" विचारलं. "पाय दुमडून घे बाई." या वेळी ते ऐकायला पाय होते. डावा हात बरगड्यांच्या खाली उजव्या अंगाला ठेवला, उजवा ओटीपोटापाशी, आणि थांबले. बाण नाचले, मंदावले, शांत झाले. दोन्ही रेघा सपाट. मॅडमनी घड्याळाकडं बघितलं.

मग मी उजव्या हातानं खाली हलकं ढकललं. तिथं गोल, टणक काहीतरी होतं, आणि ते टुणकन सरकून परत बोटांवर आलं. कुल्ला असा सरकत नाही. पण सखूच्या वेळीही खाली टणकच लागलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. डावा हात जागचा हलवला नाही. वाट बघितली.

लाथ आली. डाव्या तळव्याखाली, चांगली ठसठशीत. पडद्यावरची सपाट रेघ उठली आणि एक बाण उमटला, वर, बरगड्यांकडं. मग दुसरी लाथ, तोच बाण, वर.

"हे कुठून आलं?" मॅडम म्हणाल्या. "तुमचा हात तर हललाच नाही."

"नाही हलला," मी म्हटलं.

मुग्धा पडद्याकडं बघत होती. तिनंच केलेली टिकली, तिनंच शिकवलेला बाण. तो वाचायला तिला माझी गरज नव्हती. तिचा चेहरा आधी नुसता लक्ष देणारा होता, इंजिनियरचा. मग तो हळूहळू बदलला.

"मावशी," ती म्हणाली, "पाय वर आहेत?"

"मला तसं वाटतंय. डोकं माझ्या उजव्या हातात आहे. पण सोनोग्राफी करून घ्यायची."

ती रडायला लागली आणि पोट हलल्यामुळे पडद्यावर सगळीकडं बाण झाले. मॅडमनी स्वतःचा रुमाल तिला दिला. नंतर त्यांनी मला बाजूला सरकवलं, हात चोळले, माझा डावा मोजा काढून स्वतःच्या हातात घातला आणि मुग्धाला विचारलं, "मी ठेवू का गं?"

खाली म्हात्रे दुसरा चहा संपवत होते. मुग्धानं त्यांना आलेख दाखवला. सपाट रेघ, एक उंचवटा, सपाट रेघ. "गाडी गेली," ते म्हणाले, आणि त्यांनी साखळी शर्टाच्या आत सरकवून गॉगल लावला. सावलीत उभे होते.

येताना ठाकुर्लीला वासंतीताईंनी माझी ओटी भरली, मी नको म्हणत असताना. मला जे वाटलं ते सोनोग्राफी होईपर्यंत त्यांना सांगायचं नाही, असं मुग्धानं ठरवलं होतं. पण तिनं सांगितलं असणार, कारण त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी स्वतःहून खर्डा मागून घेतला.

आठवड्यानं मुग्धाचा फोन आला. डॉक्टरांनी डोकं खाली आहे असं सांगितलं. मोजे दोन्ही जाणार आहेत, उजवा आणि डावा. नवी बाहुली वजनाची केली आहे, ती बांधलेली नाही, ढकलली की सरकते. म्हात्र्यांनी एक विचारायला सांगितलं होतं, पहिले मोजे ठाण्याच्या शाळेला जातील, पण एक जोडी त्यांना आमच्या भागातल्या एखाद्या उपकेंद्राला पाठवायची आहे. कुठल्या ते सिस्टरनी सांगावं.

सखूच्या वाडीला आता स्वतःचं उपकेंद्र आहे. मी इतकी वर्षं त्या वाडीचं नाव घेतलं नव्हतं. फोनवर ते घेतलं, आणि मुग्धानं लिहून घेताना दोनदा विचारलं म्हणून दोनदा घेतलं.